आज्याची गाडी

शंकरपटाच्या तिसऱ्या दिवशी बिरजू सेठची पांढरी जीप ट्रकावरून उतरली, तेव्हा तळ्याच्या पाळीवर बसलेली निम्मी माणसं उठून उभी राहिली. आधीचे दोन दिवस त्याच सुक्या तळ्यात बैलांच्या जोड्या पळाल्या होत्या. बैलांसाठी कोणी उठलं नव्हतं. जीपला झेंडूचा हार होता आणि काचेवर हात जोडलेल्या सेठचा फोटो होता. ट्रकवाल्यांनी ती मोहाच्या झाडाखाली नेऊन लावली आणि किल्ली सेठच्या ऑफिसात कामाला असलेल्या आदेशच्या हातात दिली.

मोहाखाली आधीच एक गाडी उभी होती. खाली काळी, वर पिवळी, अंगभर पोचे. पुढे बंपरच्या जागी सागाचा ओंडका. फॉरेस्टवाले गमतीने विचारायचे, "प्रफुल, सागाचा पास हाये का?" प्रफुल म्हणायचा, "झाडच गाडीवर येऊन आदळलं सायेब, मी का करू?"

आता त्याचे फक्त पाय दिसत होते. बाकीचा प्रफुल गाडीखाली होता.

"दादा, बाहेर ये," आदेश म्हणाला.

"बोल. कान मोकळे हायेत."

"सेठची गाडी आली."

"आवाज ऐकला. इंजिन चांगलं हाये. ड्रायव्हर गाढव हाये, उतारावर क्लच दाबून ठेवते."

"तो ड्रायव्हर नाई. ड्रायव्हर तू."

गाडीखालचा पाना थांबला. प्रफुल सरपटत बाहेर आला. चाळिशी ओलांडलेला माणूस, कानशिलं पांढरी, पाठीला माती आणि मोहाची फुलं चिकटलेली. त्याने हात पायजम्याला पुसले आणि पांढऱ्या गाडीभोवती एक चक्कर मारली. दार उघडलं. स्टिअरिंगवर हात ठेवला. कोणाला दाखवायचं नव्हतं, पण मन गेलं त्याचं. असल्या गाडीत तो जन्मात बसला नव्हता. पंधराव्या वर्षी काळीपिवळीच्या मागे लटकून "गोंडपिपरी, गोंडपिपरी, आष्टी!" ओरडायला लागला, तेव्हापासून त्याच्या वाट्याला दुसऱ्यांनी वापरून टाकलेलीच गाडी आली होती. ही शेवटची तर दोन भंगार जिपांमधून त्याने स्वतः जुळवली होती.

"जिंकला तर सेठ हैदराबादले नेते तुले," आदेश भराभर सांगू लागला. "पक्का ट्रॅक. खुर्च्यावर बसून पाहणारे लोक. कपडे, हेल्मेट, सारं त्यायचं. दादा, तू या तळ्यात म्हातारा होशीन का?"

"अन त्याले का पाहिजे?"

"काईच नाई. भोंग्यावर नाव सेठचं पुकारतीन. गाडी त्यायची हाये, तर नाव बी त्यायचंच ना? पटाचा कायदाच हाये तो."

कायदा होता, हे खरं. शंकरपटात जोडी दोरीवर येते, भोंग्यावर मालकाचं नाव पुकारतात, मगच झेंडी पडते. नाव नाही तर झेंडी नाही. जो जोडीमागे जीव मुठीत धरून उभा असतो, कासरा धरतो, पडला तर चाकाखाली जातो, त्या धुरकऱ्याचं नाव कोणी पुकारत नाही. गाड्यांच्या पटात आजवर असलं काही नव्हतं. तो पट प्रफुल आणि त्याच्यासारख्या रिकाम्या ड्रायव्हरांनीच सुरू केला होता, हाताने झेंडी पाडून. पण यंदा समितीचा अध्यक्ष बिरजू सेठ झाला. भोंगे वाढले, मंडप आला आणि बैलांचा कायदा गाड्यांना लागला.

प्रफुलने दार हळूच लावलं. नव्या गाडीचं दार कसं बंद होतं तेही त्याने ऐकून घेतलं.

"मायले इचारतो," तो म्हणाला.

*

आशाबाई झाडाच्या पलीकडे सासू-सासऱ्यांसाठी सावली बघून सतरंजी अंथरत होती. तिने सगळं ऐकलं होतं. न ऐकल्यासारखं करायची तिला सवय नव्हती, म्हणून ती सरळ बोलली.

"मले काऊन इचारतं? मी तुह्या गाडीत बसतो का?"

बसत नव्हती, हे अख्ख्या चेक मोहाडी गावाला माहीत होतं. गोंडपिपरीला बाजाराला जायचं तर ती एसटीची वाट बघायची, एसटी नाही आली तर पायी निघायची. पोरगा बाजूने गाडी हळू करून "माय, बस ना" म्हणायचा आणि ती रस्त्याच्या कडेच्या तुरीकडे बघत चालायची. तिचा नवरा लटारू दारूने गेला होता. नंतर बाया चंद्रपूरला मोर्चा घेऊन निघाल्या तेव्हा ती पुढच्या रांगेत होती. घसा फुटेस्तोवर ओरडली. जिल्ह्यात दारू बंद झाली. आणि बंद झाल्यावर तिच्याच पोटचा पोरगा पोडश्याच्या पुलावरून, तेलंगणातून, रात्रीची दारू आणू लागला. गाव हसलं. तोंडावर हसलं.

प्रफुल कधी दारूसकट सापडला नाही. त्याचं एक तंत्र होतं. ब्रेक मारला की मागे लाल दिवा लागतो आणि जंगलात लाल दिवा दोन मैलांवरून दिसतो. बल्ब काढून टाकावा, तर पहिल्याच चौकीवर "दिवा काऊन नाई" म्हणून गाडी उघडायला लावत. म्हणून बल्ब जागच्या जागी आणि पाय ब्रेकवरून कायमचा उचललेला. तो गिअरवर गाडी आवरायला शिकला. वळण आलं की खालचा गिअर, इंजिन ओरडायचं, गाडी मान खाली घालून वळायची. मागे पोलिसांना अंधाराशिवाय काही दिसायचं नाही. शेवटी कोणीतरी नाव सांगितलं आणि केस झाली. मग एक दिवस सरकारने बंदी उठवली. दारू दुकानात आली, प्रफुल रिकामा झाला, केस मात्र राहिली. त्या केसपायी कोणी त्याला पोरगी दिली नाही.

"इचारतो यासाठी," प्रफुल म्हणाला, "की तू नाई म्हणशीन, अन मग मले नाई म्हणाचं सोपं जाईन."

"अन मी हो म्हणलं तं?"

"तं पांढऱ्या गाडीत बसतो. खोटं कायले बोलू? मले ती गाडी चालवाची हाये माय. एकडाव. पायाखाली कशी पळते ते पाहाचं हाये."

आदेशला वाटलं, आई हो म्हणेल. पांढरी गाडी, स्वच्छ काम, शहरातला ट्रॅक, मोठ्या माणसाचा हात. तिला काळीपिवळीचा राग होता ना? मग जाऊ दे ना ती काळीपिवळी भंगारात.

आशाबाईने सतरंजीचा कोपरा सरळ केला आणि उभी राहिली.

"दारू कोणाची होती रे?"

प्रफुल पाना पुसू लागला, आदेश मंडपाकडे बघू लागला.

"काऊन, जीभ झडली? सारा तालुका जाणते. पेट्या कोणाच्या होत्या?"

"सेठच्या," प्रफुल म्हणाला.

"केसमंधी नाव कोणाचं हाये?"

"माहं."

"दारू त्याची तेव्हा नाव तुह्यं. आता गाडी तू पळवशीन, तं नाव त्याचं. बदनामीले आमी अन भोंग्याले तो? मले तुह्या काळीपिवळीची किळस हाये, हो, हाये. पण त्या पांढऱ्या गाडीत तू बसला ना, तं मी तुह्या हातचं पाणी नाई पिणार."

"माय, हळू बोल," आदेश इकडेतिकडे बघत म्हणाला. "लोक ऐकून राह्यले."

"त्यायसाठीच तं बोलून राह्यली."

*

खाटेवर पडलेला तिचा सासरा सोमाजी कानामागे हात धरून विचारू लागला, "का झालं? का म्हणून राह्यली आशा?"

म्हाताऱ्याची कंबर गेली होती आणि कान त्याच्याही आधी. त्याला खाटेसकट पटात आणत, कारण पट न बघता तो जेवत नसे. त्याची बायको केसरबाई उशाशी बसायची आणि जे ऐकण्यासारखं असेल तेवढंच कानात ओरडायची. संसारभर तिने हीच गाळणी धरली होती.

"सेठ पोट्ट्याले गाडी देते म्हणते!" ती ओरडली. "नाव त्याचं लावा म्हणते!"

सोमाजी हसला. दात नव्हते, हसू सगळं हिरड्यांचं.

"तसंच असते बाप्पा. पाटलाच्या जोडीवर मी उभा राहो. भंडाऱ्यापर्यंत गेलो, सारे पट मारले. भोंगा म्हणे, पाटील यायची जोडी आली. मी धूळ पुसत म्हणो, हाव, आली."

एवढंच बोलून त्याने डोळे मिटले. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती नव्हती याचाच प्रफुलला राग आला. पाटलाच्या घरी भिंतभर बक्षिसाच्या शिल्डा होत्या. सोमाजीच्या घरी खांद्याचं एक हाड होतं, वाकडं जुळलेलं. ते तो पावसाळ्यात पोरांना हात लावून बघू द्यायचा.

प्रफुलने पांढऱ्या गाडीची किल्ली आदेशच्या खिशात टाकली.

"सेठले सांग, माही गाडी हाये."

"दादा, हैदराबाद..."

"हैदराबाद कुठी पळून राह्यलं का? माय, टेबलावर नाव लिव्हून ये. मालक म्हणून आबाजीचं लाव. घरातल्या मोठ्या माणसाचं नाव लागते. आजी, तू बी जा संगं. मी दोरीवर जातो."

आणि काळीपिवळी धुराचा लोट सोडत तळ्यात उतरली. नाव लावायला आपण नेमकं कोणाला पाठवलं, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. दोघी बायांच्याही नाही.

*

टेबलावर पत्रू भोंगेवाला बसला होता. दोन दिवस ओरडून त्याचा आवाज चिरकला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "गाडी?"

"काळीपिवळी, चेक मोहाडी," आशाबाई ठणकावून म्हणाली.

"धुरकरी?"

"प्रफुल लटारू."

"मालकाचं नाव?"

आशाबाईने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कलेक्टर ऑफिससमोर जिने माइक हिसकून घेतला होता, त्या बाईला सासऱ्याचं नाव घेता येईना. त्या घरात सून म्हणून आल्यापासून ते नाव तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. गावात दुसरा एक सोमाजी होता, त्यालाही ती 'तो वरच्या टोल्यावरचा' म्हणायची. तिने सासूकडे पाहिलं.

केसरबाईने सुनेकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव! ती सोमवारला सोमवार म्हणत नव्हती, चंद्राचा वार म्हणायची.

"बाई, नाव सांगा ना. मांगं लाइन हाये."

"लिव्ह," केसरबाई म्हणाली. "पोट्ट्याच्या आज्याची गाडी हाये."

पत्रूला जेवायला जायचं होतं. त्याने जे कानावर आलं तेच भोंग्यात सोडलं: "दोरीवर येऊन राह्यली चेक मोहाडीची काळीपिवळी! धुरकरी प्रफुल! मालक... आजा यायची गाडी!"

पाळीवर हसू फुटलं. "आजा कोण बे?" "माहा आजा का तुहा?" "अबे, साऱ्यायचाच आजा!" पण झेंडी पडली, आणि धूळ खाली बसली तेव्हा आजा सगळ्यांच्या पुढे होता. पुढच्या फेरीलाही तेच. मग पोट्ट्यांनी आरोळीच धरली, "आजा! आजा! आजा!" अहेरीकडून आलेले, बल्लारपूरहून रेल्वेने आलेले, ज्यांना सोमाजी ठाऊक नव्हता तेही ओरडू लागले.

*

मंडपात बिरजू सेठ काजू खात होता. तो रागावला नाही. तो कधीच रागवायचा नाही, म्हणून तर लोक त्याला देवमाणूस म्हणायचे.

"आदेश बेटा," तो म्हणाला, "तुझा भाऊ हुशार आहे. पण कायदा कायदा आहे. फायनलला मालकाचं खरं नाव पाहिजे. घरच्याच्या तोंडून पाहिजे. आजा-फाजा चालणार नाही. नाव नाही तर गाडी बाद."

"सेठ, सारं गाव जाणते नाव."

"गावाने नाही सांगायचं. घरच्याने." सेठने त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावरची धूळ मायेने झटकली. "तू माझ्या ऑफिसचा माणूस. तू मधे पडू नको. सोमवारी ऑफिसला यायचं आहे ना?"

आदेश टेबलाजवळ जाऊन उभा राहिला. शाळेत त्याला 'दारूवाल्याचा भाऊ' म्हणत. बल्लारपूरच्या ऑफिसात पहिल्यांदा कोणीतरी 'आदेशजी' म्हणालं, तेव्हा तो संडासात जाऊन रडला होता. हे घरात कोणाला कळणार नव्हतं. नाव म्हणे नाव! नाव चाटायचं असतं का? दादाने गुपचूप पांढऱ्या गाडीत बसायला काय झालं होतं?

तळ्यात फायनलच्या दोन गाड्या दोरीवर आल्या. सेठच्या जीपवर बल्लारपूरचा आयुष बसला होता, जवान, काळा चष्मा. भोंग्यावर "मान्यवर बिरजू सेठ यांची गाडी" तीनदा पुकारून झालं. मग पत्रूने माइक खाली ठेवला.

"दुसऱ्या गाडीचं नाव बोला. घरच्यायनं टेबलापाशी येऊन बोला. नाई तं बाद."

"अबे, सोमाजी म्हणतेत त्या बुढ्याले!" पाळीवरून कोणीतरी ओरडलं.

"गावानं नाई सांगाचं. तसा हुकूम हाये."

प्रफुल गाडीतून उतरू शकत नव्हता. दोरी सोडली की गाडी बाद. इंजिन तापू नये म्हणून त्याने ते बंद केलं आणि घसा ताणून ओरडला, "आदेश! अबे सांग ना!"

आशाबाईने धाकट्या पोराकडे पाहिलं. केसरबाईने पाहिलं. त्या सगळ्या माणसांत, टेबलापाशी, ते नाव उच्चारायला मोकळी असलेली एकच जीभ होती आणि ती आदेशच्या तोंडात होती. त्याने मंडपाकडे बघितलं. मग खिशातून मोबाइल काढला आणि कोणाचा तरी मेसेज आल्यासारखं त्यात डोकं घातलं.

केसरबाईने पदर डोक्यावर नीट घेतला, टेबलाला धरून एक पाऊल पुढे झाली आणि पत्रूसमोरचा माइक उचलला.

"हे कुठी धरावं लागते?"

"तोंडापाशी धरा आजी, पण..."

"तू गप राय. लग्नात माह्या सासूनं नाव घे म्हणलं, तं मी लाजून पळून गेलो होतो. थे राह्यलं होतं. आता घेतो."

भोंग्यांतून म्हातारीचा श्वास ऐकू आला, तळ्याच्या या पाळीपासून त्या पाळीपर्यंत. बाया उठून उभ्या राहिल्या. असं काही होतंय म्हटल्यावर बाया बसून राहत नाहीत.

"पाटलाच्या जोडीचा कासरा होता यायच्या हाती,
शिल्डा गेल्या वाड्यावर, यायच्या तोंडात माती;
आज गाडी घरची आमच्या, ऐकू द्या साऱ्या गावाले,
मालक हायेत सोमाजी, लावा भोंगा नावाले!"

मग बायांनी जो गलका केला, त्याने पलीकडच्या पाळीवरचे बैल दावं तोडू लागले. आशाबाई हसत होती आणि डोळे पुसत होती आणि सासूला म्हणत होती, "आत्याबाई, तोंडात माती म्हणलं वं तुमी, सेठसमोर!"

"मंग का साखर होती?" केसरबाई म्हणाली. तेही माइकवरून गेलं.

पत्रूने मंडपाकडे पाहिलं. सेठ हसत होता, पण काजू तसाच हातात होता. पत्रू गरीब माणूस होता, पण त्याचाही आजा कोणाच्या तरी जोडीमागे पळाला होता. त्याने विचारलं, "सोमाजी कोण? आडनाव?"

उत्तर पाळीवरच्या म्हाताऱ्यांनी दिलं. आता गावाने सांगायचं नाही, हा हुकूम कोणाला आठवला नाही. "धुरकरी! लिव्ह, सोमाजी धुरकरी!"

"सोमाजी धुरकरी यायची गाडी!" पत्रूचा चिरका आवाज तळ्यावर फाटला. "दोरीवर तय्यार!"

*

प्रफुलने चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. थांबल्या जागी बॅटरी बसली होती.

झेंडीवाल्याचा हात वर गेला होता. शेजारी पांढरी जीप गुरगुरत होती. आयुषने चष्म्यावरून त्याच्याकडे बघून मान हलवली. तो काही वाईट पोरगा नव्हता.

पटाचा आणखी एक कायदा आहे. दोरीवर जोडीला हात लावायचा तो घरच्याच माणसाने. प्रफुलने आरशात पाहिलं. पाळीच्या उतारावरून एक पांढरा शर्ट धावत येत होता. एक बूट मागे वाळलेल्या चिखलाच्या भेगेत राहिला होता. आदेश मंडपासमोरूनच आला होता, सेठच्या नाकासमोरून, आणि शिव्या देत येत होता, पण कोणाला देत होता ते कळत नव्हतं. बहुतेक स्वतःलाच.

"दुसऱ्या गिअरमंधी टाक!" त्याने मागून ओरडून खांदा लावला.

"मले शिकवतं का बे?"

"टाक म्हणलो ना!"

झेंडी पडली. पांढरी जीप बाणासारखी सुटली. काळीपिवळी म्हशीसारखी हलली, सरकली, प्रफुलने क्लच सोडला, इंजिन एकदा खोकलं आणि पेटलं. आदेश तोंडावर पडला. काळ्या धुराने त्याचा शर्ट रंगवला.

प्रफुल निघाला तेव्हा पांढरी गाडी पहिल्या वळणाला पोचली होती. त्याला घाई नव्हती. हे तळं त्याला तळहातासारखं माहीत होतं. कुठे भेग आहे, कुठे बेशरमाची मुळं आहेत, कुठे माती अजून खालून ओली आहे. आणि त्याने पुढे बघितलं तर वळणावर पांढऱ्या गाडीच्या मागे लाल दिवा लागला.

तो मोठ्याने हसला. कितीक वर्षं लोक त्याच्या गाडीमागे असाच लाल दिवा शोधत होते.

खालचा गिअर. इंजिन ओरडलं. गाडी मान खाली घालून वळली. पुढच्या वळणाला लाल दिवा जवळ आला, त्याच्या पुढच्या वळणाला आणखी जवळ. दर वळणाला आयुषचा पाय ब्रेकवर जात होता, आणि प्रफुलचा पाय त्या बाजूला जातच नव्हता. शेवटच्या वळणावर पलीकडच्या लहान बोडीचं पाणी झिरपून माती ओली होती. नवी गाडी ब्रेक लागताच घसरली, आडवी झाली. काळीपिवळी तिच्या आणि पाळीच्या मधून निघाली. सागाचा ओंडका पाळीला घासून गेला, एक आरसा तिथेच राहिला. पुढे मोकळं तळं होतं. पुढे कोणी नव्हतं.

"सोमाजी धुरकरी यायची गाडी आली!" पत्रू ओरडत होता. "सोमाजी धुरकरी यायची गाडी आली हो!" त्याला कोणी थांबवत नव्हतं आणि तो थांबणारही नव्हता.

*

प्रफुलने बक्षिसाच्या मंडपात न जाता गाडी सरळ मोहाखाली आणली. इंजिन बंद केलं नाही. केलं असतं तर पुन्हा ढकलावं लागलं असतं. आदेश एका बुटावर लंगडत मागून आला. शर्ट काळा, तोंड काळं.

"नोकरी गेली," तो म्हणाला.

"गोंडपिपरी, गोंडपिपरी, आष्टी ओरडता येते का?"

"येते."

"मंग लटक मांगं."

"मी ड्रायव्हर होईन. मांगं नाई लटकत."

"आधी बूट घालून ये ड्रायव्हर."

आशाबाई दोघांना ओलांडून गाडीपाशी गेली. दाराची कडी कशी उघडते हे तिला माहीत नव्हतं. ती खालून उचलावी लागायची. तिने दोनदा ओढली, तिसऱ्यांदा लाथ घातली. दार उघडलं. ती आत चढली, पदराने सीट पुसली आणि बसली.

"का पाहतं?" ती प्रफुलला म्हणाली. "आत्याबाईले अन मामाजीले पुढं घे. उन्हात बुढा पडला हाये."

दोघा भावांनी म्हाताऱ्याला खाटेवरून उचलून पुढच्या सीटवर बसवलं. केसरबाई त्याच्या बाजूला दाटून बसली. तळ्यावर अजून भोंगा चालू होता. सोमाजीने कानामागे हात धरला.

"कोणाची गाडी आली?"

"तुमची!" केसरबाई ओरडली.

"माही? माही कुठून येईन? पाटलाची असंन."

इंजिन धडधडत होतं. केसरबाईने मागे सुनेकडे पाहिलं, मग पुढे झुकली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. या वेळी ओरडली नाही.

"सोमाजीची," ती म्हणाली.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या हिरड्या दिसू लागल्या. मग त्याने कान आणखी जवळ केला.

"एकडाव अजून म्हण," तो म्हणाला. "नीट ऐकू नाई आलं."

त्याला चांगलं ऐकू आलं होतं.